पूर ओसरल्यानंतरचे पहिले पाणी: नदीकाठच्या सोसायटीने टाकी आणि ड्रेनेज कसे सांभाळावे?

प्रश्न : मुठाकाठ (सिंहगड रस्ता)

नमस्कार. आमची सोसायटी पुण्यात सिंहगड रस्त्यालगत, मुठा नदीच्या बाजूला आहे. चार इमारती, शंभर सदनिका आणि साधारण चारशे रहिवासी आहेत. महापालिकेचे पाणी जमिनीखालच्या टाकीत येते आणि तेथून पंपाने गच्चीवरील टाक्यांत चढवले जाते. पंप आणि विजेचे पॅनेल पार्किंगच्याच पातळीवरील एका खोलीत आहेत. आवारात एक जुनी बोअरवेल आहे. सांडपाणी महापालिकेच्या ड्रेनेज लाइनला जोडलेले असून शेवटचे चेंबर फाटकाजवळ, आवाराच्या सर्वांत सखल कोपऱ्यात आहे.

२५ जुलै २०२४ रोजी एकतानगरी आणि आसपासच्या भागात पाणी शिरले तेव्हा आमच्या पार्किंगमध्येही ते शिरले. पाणी ओसरायला फार वेळ लागला नाही, पण त्यानंतरचे दिवस अधिक अवघड गेले. जमिनीखालच्या टाकीतील पाणी वापरायचे की नाही, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हते. तळमजल्यावरील दोन घरांत शौचालयातून मैलापाणी उलटे आले. पंप बंद असल्यामुळे टँकर मागवले, परंतु त्यांतील पाणी कोठून भरले होते, हे आम्हाला शेवटपर्यंत समजले नाही. पुढे जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यात गुलियन-बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण आढळू लागले आणि पाण्याविषयीची भीती घराघरांत पोहोचली.

मी सध्या सोसायटीची सचिव आहे. सर्वसाधारण सभेत खर्चाला मंजुरी घ्यायची असेल, तर काय करायचे आणि ते का करायचे, हे मला सभासदांना नीट समजावून सांगावे लागेल. पावसाळ्यापूर्वी कोणती कामे आधी हाती घ्यावीत? पुराचा इशारा मिळाल्यावर हातात असलेल्या काही तासांत काय करावे? पाणी ओसरल्यावर टाकी पुन्हा सुरू करण्याची योग्य पद्धत कोणती? उन्हाळ्यातील टंचाईसाठी वेगळी तयारी लागते का? या क्षेत्रातील जाणकारांनी सविस्तर मार्गदर्शन करावे, ही विनंती.

---

प्रतिसाद : जलवाहिनी (पर्वती)

सचिवताई, मी पाणीपुरवठा अभियंता म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे. तुमच्या प्रश्नातील सर्वांत मोलाचे निरीक्षण म्हणजे पुरापेक्षा नंतरचे दिवस अवघड गेले. पाणीपुरवठ्याच्या बाबतीत बहुतेक वेळा असेच घडते. पूर येतो तेव्हा सगळे सावध असतात. पाणी ओसरते, नळ पुन्हा वाहू लागतो आणि त्या पहिल्या पाण्यावर आपण विश्वास ठेवतो. खरा धोका तेथून सुरू होतो.

आधी आपल्या भागातील पूर कसा येतो, ते सभासदांना सांगा. खडकवासला साखळीतील पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांचा एकूण उपयुक्त साठा सुमारे २९ टीएमसी आहे. त्यातील खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीपेक्षाही थोडा कमी आहे, आणि शहराच्या सर्वांत जवळचे धरण नेमके तेच आहे. वरच्या तीन धरणांच्या खाली जो पाऊस पडतो, तो थेट खडकवासल्यात येतो. धरण आधीच भरलेले असेल तर ते पाणी फार काळ थोपवून धरता येत नाही आणि लगेच नदीत सोडावे लागते. २०२४ च्या जुलैत हा विसर्ग ३५,००० क्युसेकच्या घरात गेला होता. याचा अर्थ असा की आपल्याला मिळणारा अवधी दिवसांचा नसून तासांचा असतो, आणि तोही पुष्कळदा रात्रीचा असतो. पावसाळा सुरू झाल्यावर करायची कामे या अवधीत होत नाहीत. ती आधीच झालेली असावी लागतात.

दुसरा पूर ओढ्यांचा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात कात्रजपासून दांडेकर पुलाच्या परिसरापर्यंत जी हानी झाली, तिच्यात धरणाचा काही संबंध नव्हता. थोड्या वेळात कोसळलेला पाऊस आणि आक्रसलेला ओढा एवढेच त्याला पुरेसे होते. हवा जितकी उष्ण, तितकी तिची बाष्प धरण्याची क्षमता वाढते. एका अंश सेल्सिअसमागे ही वाढ सुमारे सात टक्के असते. त्यामुळे थोड्या वेळात पडणारा जोरदार पाऊस ही पुढेही नेहमीचीच गोष्ट धरून चालावे.

आता तुमच्या आवाराकडे वळू. पहिला विचार उंची वाढवण्याचा करा. गेल्या पुराची पाण्याची रेघ भिंतीवर अजून दिसत असेल तर ती रंगाने पक्की करून घ्या आणि पाटबंधारे विभागाच्या पूररेषेशी ताडून पाहा. निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. पंपाचे विजेचे पॅनेल, मीटर आणि जनरेटर या रेघेच्या वर, शक्यतो पहिल्या मजल्याच्या पातळीवर न्या. पॅनेल हलवण्याचा खर्च मोठा वाटतो, परंतु पॅनेल बुडाले की पाणी, लिफ्ट आणि दिवे एकाच वेळी बंद पडतात, आणि टँकरचे दर सर्वाधिक असतात तेव्हाच ते मागवावे लागतात. येथे जीविताचाही प्रश्न आहे. २०२४ च्या त्याच पावसात डेक्कनजवळील पुलाची वाडी येथे विजेच्या धक्क्याने तिघांचा मृत्यू झाला होता. बुडालेला पंप पाणी ओसरताच चालू करून पाहण्याचा मोह टाळावा. मोटर उघडून, वाळवून आणि इलेक्ट्रिशियनकडून मेगर (विजेची गळती पाहणारी) तपासणी करूनच ती सुरू करावी.

दुसरे काम जमिनीखालच्या टाकीचे. बहुतेक सोसायट्यांत या टाकीचे झाकण फरशीच्या पातळीवर असते आणि गाड्या त्यावरून जाऊ शकतात, एवढाच विचार केलेला असतो. झाकणाभोवती निदान दोन-अडीच फूट उंचीचे पक्के कट्टे बांधून घ्या, त्यावर रबरी पट्टी असलेले आणि नटबोल्टने घट्ट बसणारे झाकण लावा. टाकीचा हवेचा पाइप आणि ओव्हरफ्लोचा पाइप पुराच्या रेघेच्या वर न्या आणि त्यांच्या तोंडाला जाळी बसवा. झाकण कितीही घट्ट असले तरी ओव्हरफ्लोच्या पाइपमधून घाण पाणी आत आल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. हे काम स्वस्त असते, पण ते प्रत्येकाच्या नजरेतून सुटते.

पुराचा इशारा मिळाला की अनेक जण टाकी रिकामी ठेवतात. कृपया तसे करू नका. रिकामी टाकी भोवतालच्या भिजलेल्या जमिनीतील पाण्याच्या दाबाने वर उचलली जाऊ शकते किंवा तिला तडे जाऊ शकतात. प्लास्टिकच्या टाकीच्या बाबतीत तर हा धोका अधिक असतो. टाकी पूर्ण भरा. गच्चीवरील टाक्याही काठोकाठ भरून घ्या. त्यानंतर महापालिकेच्या लाइनवरून टाकीत येणारा व्हॉल्व्ह बंद करा, झाकण आवळा आणि शेवटी पंपाचा वीजपुरवठा तोडा. हा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून पंपाच्या खोलीत आणि सुरक्षारक्षकाच्या चौकीत लावा. व्हॉल्व्ह कोठे आहे हे रात्रपाळीच्या रक्षकालाही माहीत असले पाहिजे, कारण इशारा येईल तेव्हा प्लंबर येथे नसेल.

आता हा येणारा व्हॉल्व्ह का बंद करायचा, ते सभेत नीट सांगा. आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही. ठरावीक वेळी येते आणि नंतर लाइन रिकामी होते. भरलेल्या लाइनमध्ये दाब असतो, त्यामुळे फट असली तरी पाणी बाहेर जाते, आत काही येत नाही. लाइन रिकामी होताना मात्र आतला दाब वातावरणापेक्षा कमी होऊ शकतो, आणि त्याच फटीतून भोवतालचे पाणी आत ओढले जाते. एरवी ती जमीन कोरडी असते. पुरात मात्र जलवाहिनी आणि ड्रेनेज लाइन दोन्ही एकाच गढूळ पाण्यात बुडालेल्या असतात. म्हणून पुरवठा पुन्हा सुरू झाल्यावर नळातून येणारे पहिले पाणी टाकीत घेऊ नये. ते बाहेरच्या नळाने वाहू द्यावे, पाणी स्वच्छ दिसू लागल्यावरही आणखी थोडा वेळ वाहू द्यावे, मग त्यातील क्लोरीन तपासावे आणि त्यानंतरच टाकीचा व्हॉल्व्ह उघडावा. काही घरांत नळाला थेट मोटर लावून पाणी ओढले जाते. अशी मोटर लाइनमधील दाब आणखी कमी करते, म्हणजेच शेजारच्या फटीतील घाण सगळ्या गल्लीच्या पाण्यात आणते. याबाबत सोसायटीने कठोर राहावे.

ड्रेनेजविषयी लिहिल्याशिवाय हा प्रतिसाद पूर्ण होणार नाही, कारण पिण्याचे पाणी आणि मैलापाणी यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही. सांडपाणी उताराने वाहते, म्हणून मुख्य ड्रेनेज लाइन आणि मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे नदीकाठी, सर्वांत सखल जागी असतात. नदी चढली की त्या लाइनचे तोंड बंद होते आणि पाणी उलटे फिरते. तुमच्या तळमजल्यावर हेच झाले. शेवटच्या चेंबरच्या आधी, सोसायटीच्या हद्दीत, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी झडप) बसवता येतो. तो बसवल्यानंतर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे त्यात कापड, प्लास्टिक किंवा चिखल अडकला तर तो पूर्ण मिटत नाही, म्हणून मे महिन्यात तो उघडून साफ करावा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती क्वचितच कोणी सांगते. व्हॉल्व्ह मिटलेला असताना तुमचे स्वतःचे सांडपाणीही बाहेर जाऊ शकत नाही. चौथ्या मजल्यावर कोणी आंघोळ केली तर ते पाणी तळमजल्यावरील घरात वर येते. त्यामुळे त्या काही तासांत सर्व मजल्यांवरील पाण्याचा वापर थांबवणे हे तळमजल्यावरील शेजाऱ्यांचे रक्षण आहे, आणि ते प्रत्येक सभासदाला आधीच माहीत असले पाहिजे.

आणखी एक सवय मोडावी लागेल. पार्किंगमध्ये पावसाचे पाणी साचले की ड्रेनेजच्या चेंबरचे झाकण उघडून ते पाणी त्यात सोडले जाते, आणि गच्चीचे पन्हाळीचे पाइपही अनेक ठिकाणी ड्रेनेजलाच जोडलेले असतात. ड्रेनेज लाइन मैलापाण्यासाठी बांधलेली असते. तिच्यात पावसाचे पाणी भरले की खालच्या वस्तीत चेंबरमधून मैला रस्त्यावर येतो. पावसाचे पाणी पावसाळी गटारात किंवा जमिनीत मुरवण्याच्या खड्ड्यातच गेले पाहिजे.

---

प्रतिसाद : सूक्ष्मजीव (एरंडवणे)

जलवाहिनी यांनी अभियांत्रिकीची बाजू फार स्पष्टपणे मांडली आहे. मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना समाजवैद्यक हा विषय शिकवते, म्हणून टाकी पुन्हा सुरू करण्याविषयी आणि पाणी तपासण्याविषयी लिहिते.

पुराचे पाणी टाकीत शिरले, किंवा शिरल्याची शंका जरी असली, तरी त्या टाकीतील सर्व पाणी सोडून द्यावे. त्यात औषध टाकून ते वाचवण्याचा प्रयत्न करू नये. गढूळ पाण्यातील मातीचे आणि सेंद्रिय पदार्थांचे कण क्लोरीन खाऊन टाकतात आणि जंतूंना आडोसाही देतात, त्यामुळे टाकलेली मात्रा कागदावर पुरेशी असली तरी पाण्यात उरत नाही. टाकी रिकामी करून गाळ काढावा, भिंती आणि तळ ब्रशने घासून स्वच्छ पाण्याने धुवावा. टाकीत उतरण्यापूर्वी झाकण बराच वेळ उघडे ठेवून हवा खेळती करावी, बाहेर एक माणूस सतत उभा असावा आणि आत डिझेलचा पंप कधीही चालवू नये. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये मात्र कोणालाही उतरवू नये. त्या वायूंनी क्षणात जीव जातो, आणि हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने असे काम करवून घेणे हा गुन्हा आहे. पुरानंतरच्या घाईत हा नियम सर्वाधिक मोडला जातो आणि त्याची किंमत एखादे गरीब कुटुंब आयुष्यभर मोजते. त्यासाठी यंत्र असलेली गाडीच बोलवावी.

घासून धुतलेल्या टाकीचे निर्जंतुकीकरण टीसीएल (ब्लीचिंग) पावडरने करावे. टाकी पाण्याने भरून त्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन राहील एवढी पावडर लागते. पावडरमध्ये २५ टक्के क्लोरीन धरले तर हजार लिटरला २०० ग्रॅम, आणि ३३ टक्के असेल तर सुमारे १५० ग्रॅम. पावडर थेट टाकीत टाकू नये. प्लास्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात तिची पेस्ट करावी, मग पाणी वाढवावे, चुना तळाला बसू द्यावा आणि वरचे निवळलेले द्रावण टाकीत ओतावे. हे पाणी एक दिवस टाकीत ठेवून नंतर सोडून द्यावे. ते पिण्यासाठी नाही, हे सर्व घरांना आधी कळवावे आणि गच्चीच्या टाक्यांनाही हीच प्रक्रिया लागू करावी. टीसीएल पावडर पावसाळ्यातील दमट हवेत लवकर निकामी होते. गेल्या वर्षीची उघडी पिशवी वापरून निर्जंतुकीकरण झाल्याचे समाधान करून घेऊ नये.

रोजच्या वापराचे पाणी तपासण्यासाठी ग्रामपंचायती वर्षानुवर्षे जी ओटी टेस्ट करतात, ती सोसायटीचा सुरक्षारक्षकही शिकू शकतो. पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग येतो आणि रंगाच्या पट्टीशी तो जुळवून क्लोरीनचे प्रमाण कळते. नळाच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावे. पुरानंतर किंवा साथीच्या काळात ते ०.५ असलेले बरे. रंग अजिबात आला नाही तर त्या पाण्याला कोणतेही संरक्षण नाही असे समजावे, ते काचेसारखे स्वच्छ दिसत असले तरीही. जोडीला एच२एस चाचणीची बाटली वापरावी. त्यात पाणी भरून खोलीच्या तापमानाला ठेवले आणि एक-दोन दिवसांत ते काळे झाले, तर पाण्यात मैल्याचे प्रदूषण असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा आणि निकाल येईपर्यंत पाणी उकळूनच प्यावे. खळखळून उकळी फुटलेले पाणी पुरेसे असते. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून ते निवळू द्यावे आणि वस्त्रगाळ करावे. अतिनील किरणांवर चालणाऱ्या घरगुती फिल्टरचा गढूळ पाण्यात फारसा उपयोग होत नाही, आणि वीज नसेल तर काहीच होत नाही.

गुलियन-बॅरे सिंड्रोमविषयी भीती पसरली आहे, म्हणून दोन वाक्ये. २०२५ च्या उद्रेकात दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. दूषित पाणी आणि अर्धवट शिजवलेले चिकन या दोन्ही वाटांनी तो पोटात जातो. संसर्गानंतर फार थोड्या व्यक्तींमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. पुरेसे क्लोरीन असलेल्या पाण्यात हा जिवाणू टिकत नाही. तो उद्रेक ऐन हिवाळ्यात झाला, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. क्लोरीन तपासण्याची सवय फक्त जुलै-ऑगस्टपुरती ठेवून चालणार नाही.

पुराच्या पाण्यात चाललेल्यांना नंतर महिन्याभरात ताप, स्नायूदुखी किंवा डोळे लाल होणे असा त्रास झाला तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घेऊन त्वरित डॉक्टरांकडे जावे, आणि पुरात चाललो होतो हे त्यांना न विसरता सांगावे.

---

प्रतिसाद : पंचगंगा (सध्या कोथरूड, मूळ कोल्हापूर)

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी कोल्हापुरात होतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. शहराला पाणी देणारी नदीकाठची उपसा केंद्रे बुडाली आणि रस्त्यांवरून महापुराचे पाणी वाहत असताना घरांतील नळ कोरडे पडले. २०२१ मध्येही तेच घडले. उपसा केंद्र नदीकाठीच असावे लागते, परंतु त्याची मोटर आणि पॅनेल किती उंचीवर असावे, हा निर्णय माणसाच्या हातातला आहे. एवढ्या एका उंचीवर लाखो लोकांचे पाणी अवलंबून असते.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. इंग्लंडमधील ट्यूक्सबरीजवळचे माइथ जलशुद्धीकरण केंद्र जुलै २००७ च्या पुरात बुडाले आणि सुमारे साडेतीन लाख लोकांना नळाचे पाणी मिळेनासे झाले. काही भागांत ही स्थिती दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली. त्या सर्वांचे पाणी एकाच केंद्रावर अवलंबून होते. नंतर तेथे पुरापासून संरक्षण करणारी कायमची भिंत बांधण्यात आली.

सोसायटीसाठी माझी सूचना टँकरविषयी आहे. पुराच्या दिवसांत जो टँकर मिळेल तो घेतला जातो, आणि आमच्याकडे एका खासगी टँकरचे पाणी हौदात उतरवल्यानंतर त्याला वास येत असल्याचे लक्षात आले. तोपर्यंत ते हौदातील चांगल्या पाण्यात मिसळून गेले होते. म्हणून पावसाळ्यापूर्वीच दोन पुरवठादारांशी लेखी बोलणी करून ठेवावीत, पाणी कोठून भरणार हे त्यात लिहून घ्यावे आणि टँकर आवारात आल्यावर नळी टाकीत सोडण्याआधी ओटी टेस्ट करावी. क्लोरीन आढळले नाही तर ते पाणी फक्त शौचालयासाठी, वेगळ्या टाकीत घ्यावे.

---

प्रतिसाद : धायरीकर

पुराबद्दल पुष्कळ चर्चा झाली आहे. सचिवताईंच्या टंचाईच्या प्रश्नाकडे मी वळतो, कारण महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांत आम्ही दोन्ही टोके अनुभवतो. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे महापालिकेत आली. इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या, पण जलवाहिन्या आणि ड्रेनेज त्या वेगाने आले नाहीत. त्यामुळे येथे अजूनही अनेक ठिकाणी विहीर, बोअरवेल, टँकर आणि सेप्टिक टँक यांवरच दिवस निघतात.

उन्हाळ्यात बोअरवेलची पातळी खाली गेली की त्यात झिरपणारे पाणी कमी होते, पण शेजारच्या सेप्टिक टँकमधून झिरपणारे तेवढेच राहते. पाण्याचा साठा घटला की घाणीचे प्रमाण वाढते, इतका हा साधा हिशेब आहे. विहीर किंवा बोअरवेल आणि सेप्टिक टँक यांच्यात निदान १५ मीटरचे अंतर असावे असे सांगितले जाते. आपल्या बेसाल्टच्या कातळात भेगांमधून पाणी दूरवर जाते, म्हणून तेवढे अंतर असूनही निर्धास्त राहता येत नाही. तुमच्या जुन्या बोअरवेलचा केसिंग पाइप जमिनीपासून किती वर आहे, ते आधी पाहा. तो फरशीच्या पातळीवर कापलेला असेल तर पुराचे पाणी थेट भूजलात उतरते, आणि मग एकट्या तुमच्या सोसायटीचे नव्हे, आसपासच्या सर्वांचे पाणी बिघडते. पाइप वर वाढवून त्याला घट्ट टोपण लावणे आणि भोवती सिमेंटचा ओटा करणे, हे काम आजच करण्यासारखे आहे.

टंचाईच्या काळात पाणीपुरवठा दिवसाआड होतो. जलवाहिनी यांनी दाबाविषयी जे लिहिले आहे, ते अशा वेळी अधिक लागू होते, कारण लाइन रिकामी राहण्याचे तास वाढतात. उष्णतेने पाण्यातील क्लोरीनही लवकर उडून जाते. गच्चीवरील काळी टाकी एप्रिल-मेमध्ये तापते, तेव्हा सकाळी महापालिकेच्या नळाला असलेले क्लोरीन संध्याकाळी स्वयंपाकघराच्या नळाला उरलेले नसते. टाक्यांवर सावली करणे आणि शेवटच्या नळाला तपासणी करणे हे दोन्ही उपाय फारसा खर्च न करता होतात.

पाणीकपातीचा एक परिणाम ड्रेनेजवरही होतो. वाहणारे पाणी कमी झाले की लाइनमध्ये गाळ बसतो आणि तो पहिल्या जोरदार वळवाने एकदम पुढे ढकलला जाऊन तुंबतो. त्यामुळे ड्रेनेजची सफाई जूनमध्ये नव्हे, वळवाच्या आधी, एप्रिलमध्येच करून घ्यावी.

दुष्काळ किती टोकाला जाऊ शकतो, हे लातूरने २०१६ मध्ये पाहिले. मांजरा धरण आटल्यावर मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले आणि पहिली गाडी एप्रिलमध्ये पोहोचली. पुण्याला चार धरणांचा आधार आहे म्हणून आपण निर्धास्त राहतो, पण याच साखळीतील पाण्यावर दौंड, इंदापूरपर्यंतची शेती आणि तिकडची गावेही अवलंबून आहेत. आपण येथे वाया घालवलेले पाणी त्यांच्या वाट्यातून जाते.

---

मुठाकाठ (प्रश्नकर्त्या)

सर्वांचे मनापासून आभार. इतके तपशीलवार उत्तर मिळेल असे वाटले नव्हते. दोन शंका उरल्या आहेत. आपत्कालीन साठा किती ठेवावा, याचा काही हिशेब आहे का? आणि सगळा खर्च एका वर्षात होणार नाही, तर सुरुवात कोठून करावी?

---

जलवाहिनी (पर्वती)

शहरात माणशी रोज १३५ लिटर हा पाणीपुरवठ्याचा नेहमीचा निकष आहे. तुमच्या चारशे रहिवाशांना त्या हिशेबाने दिवसाला ५४,००० लिटर लागतील, आणि एवढा साठा करणे शक्य नाही. आपत्तीच्या काळात पिणे, स्वयंपाक आणि किमान स्वच्छता यांसाठी माणशी १५ लिटर हा निकष जगभर मानला जातो. म्हणजे दिवसाला ६,००० लिटर आणि तीन दिवसांसाठी १८,००० लिटर. एवढे पाणी चार इमारतींच्या गच्चीवरील टाक्यांत मिळून सहज मावते. इशारा मिळाल्यावर टाक्या भरून झाल्या की प्रत्येक इमारतीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा आणि पाणी ठरावीक वेळीच सोडावे. तसे केले नाही तर तीन दिवसांचा साठा पहिल्याच दुपारी संपतो. उंचावरील टाकीतून पाणी उताराने येते आणि त्याला वीज लागत नाही, म्हणून हा साठा जमिनीखालच्या टाकीपेक्षा अधिक भरवशाचा आहे.

सभासदांतील वयस्कर मंडळींना १२ जुलै १९६१ विचारा. त्या दिवशी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले, आणि ज्या धरणातून शहराला पाणी येत होते तेच उरले नाही. पुढे पेठांतील जुन्या विहिरी आणि हौद पुन्हा वापरात आले. ते पर्याय शिल्लक होते म्हणून शहराचे निभावले. आज त्यांतील बहुतेक बुजले आहेत. तुमच्याकडे बोअरवेल आहे, तर ती निर्धोक राखणे हा दुसऱ्या स्रोताचा विमा समजा.

खर्चाचा क्रम मी असा लावेन. या वर्षी टाकीचे कट्टे व झाकण, बोअरवेलचे टोपण, ओव्हरफ्लोचे पाइप आणि तपासणीचे साहित्य घ्यावे. यांत पैसा कमी लागतो आणि आजाराचा सर्वांत मोठा मार्ग बंद होतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसाठी जागेवरचे चढ-उतार मोजून घ्यावे लागतात, म्हणून त्याचे काम अनुभवी प्लंबिंग सल्लागाराला द्यावे आणि तळमजल्यावरील दोन घरांचा विचार करून ते पुढच्या पावसाळ्यावर ढकलू नये. विजेचे पॅनेल हलवण्यासाठी वीज कंपनीची परवानगी आणि परवानाधारक ठेकेदार लागतो. त्यात महिने जातात, म्हणून अर्ज मात्र याच सभेनंतर करा. पैसे पुढच्या वर्षी जमा झाले तरी चालेल.

---

सूक्ष्मजीव (एरंडवणे)

साहित्याच्या यादीत ओटी टेस्टचा संच, एच२एसच्या निदान दहा-बारा बाटल्या आणि मुदत तपासून घेतलेली बंद टीसीएल पावडर धरावी. पावडर कोरड्या, हवेशीर जागी, आम्ल किंवा फिनाइलपासून दूर आणि पुराच्या रेघेच्या वर ठेवावी. क्लोरीनची नोंद रोज एका वहीत करावी: तारीख, वेळ, कोणत्या इमारतीचा नळ आणि किती प्रमाण. नळ दरवेळी वेगळा निवडावा, आणि त्यात सर्वांत वरच्या मजल्यावरील व टाकीपासून सर्वांत दूरचा नळ आलाच पाहिजे. सलग दोन दिवस प्रमाण ०.२ च्या खाली गेले, तर त्या वहीच्या पानाचा फोटो जोडून क्षेत्रीय कार्यालयाच्या पाणीपुरवठा विभागाकडे लेखी तक्रार करावी. तारीखवार नोंदी असलेली तक्रार तपासणे त्यांनाही सोपे जाते.